पाणी सोडण्यापूर्वी: वाळूतील प्रवाहाच्या प्रयोगाची तयारी

पदवीच्या प्रकल्पासाठी सच्छिद्र पदार्थांतील प्रवाह हा विषय घेतला असेल, तर पहिला आठवडा उपकरणाला न देता वाळूला द्यावा. सांगलीत कृष्णेची वाळू बांधकाम साहित्याच्या दुकानातून पाच-सहा किलो आणावी, गढूळपणा जाईपर्यंत धुवावी, वाळवावी आणि ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेली, परंतु ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेली तेवढीच वेगळी ठेवावी. पुस्तकांत वाळूची म्हणून दिलेली २.६५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर ही घनता क्वार्ट्झ या खनिजाची आहे. आपली नदी बेसॉल्टच्या मुलखातून येते, म्हणून घनता पिक्नोमीटरने (ठरावीक आकारमानाच्या, घनता मोजण्याच्या बाटलीने) स्वतः मोजावी, अन्यथा सच्छिद्रतेचा, म्हणजे कणांमधल्या मोकळ्या जागेच्या प्रमाणाचा, आकडा मुळातच चुकतो.

नळी पारदर्शक ॲक्रिलिकची, आतून किमान ५ सेंटीमीटर व्यासाची असावी. पातळी मोजण्याच्या दोन उभ्या नळ्या वाळूच्या टोकांपासून आत बसवाव्यात.

सर्वांत जास्त काळजी हवेची घ्यावी. पाणी उकळून, झाकून थंड करावे आणि खालून वर अगदी संथपणे चढवावे. आमच्या पहिल्या खेपेस नळाचेच पाणी वापरले होते. तासागणिक प्रवाह घटत गेला, वाळू अडवणारी जाळी तुंबली असे समजून आम्ही दोन दिवस ती धूत राहिलो, आणि अखेर भिंगातून पाहिले तेव्हा नळीच्या भिंतीलगत कणाकणाला खसखशीपेक्षा बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले.

थर्मामीटर हाताशी हवाच. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता (वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध) सुमारे १.० मिलिपास्कल-सेकंद असते, ३० अंशांना ०.८, त्यामुळे वाळू तीच असूनही गच्चीवरच्या टाकीतील दुपारच्या पाण्याने प्रवाह चौथाईने वाढलेला दिसू शकतो.

हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे प्रवाह पातळीफरकाच्या प्रमाणात वाढतो हा, संथ प्रवाहाचा आहे. किमान पाच पातळीफरकांवर प्रत्येकी तीन वाचने घ्यावीत आणि कणाच्या व्यासावरून काढलेला रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि श्यानता यांच्या परिणामांचे गुणोत्तर) शक्यतो १ च्या खाली ठेवावा. वेग वाढवल्यावर प्रवाह आणि पातळीफरक यांच्या आलेखाची रेषा वाकली तर ते वाचन खोडू नये. तो जडत्वाचा परिणाम असू शकतो आणि फोर्कहाइमर यांनी १९०१ मध्ये त्यासाठीच डार्सीच्या नियमात वेगाच्या वर्गाचे पद जोडले.

सच्छिद्रता काढता यावी म्हणून वाळू नळीत भरण्यापूर्वी तिचे कोरडे वजन वहीत लिहिलेले असावे. ते राहून गेले, तर सगळी नळी रिकामी करून वाळू पुन्हा ओव्हनमध्ये सुकवावी लागते.