धरणग्रस्तांच्या कामात नवीन आहात? या चुका टाळा

सातारा, सांगली, नंदुरबार, कुठल्याही कलेक्टर ऑफिसात गेलं तरी पुनर्वसन शाखेच्या बाहेर हातात फाइल घेतलेली तरुण पोरं-पोरी आता दिसतात. कोणी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून संस्थेत लागलेलं, कोणी बुडीत गावातलंच शिकलेलं. हे बघून खरंच बरं वाटतं. पण गेली कित्येक वर्षं त्याच त्या चुका बघतेय, आणि यात चूक होते कार्यकर्त्याची पण जमीन जाते दुसऱ्याची, म्हणून आज बसून लिहितेय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पाणी चढतं ती तारीख गावाला दिसते, पण ऑफिसचं घड्याळ त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं, नोटिशीपासून. महाराष्ट्रात १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा आला, मग १९८६ चा, मग १९९९ चा. कोयना धरणाची माणसं त्याच्याही आधी, कायदाच नसताना गावं सोडून उठली. त्यांची तिसरी पिढी अजून आंदोलनाला बसते त्याचं एक मोठं कारण हेच की त्या वेळी कोणाला काय देणं लागतं हे कागदावर नीट आलंच नाही. तुमच्या गावाला कायदा आहे, तर त्यातल्या तारखा वापरा.

खातं एक म्हणजे कुटुंब एक धरणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. नवीन पोरं गावात येतात, तलाठ्याकडून आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनींचा उतारा, घेतात, दुकानदाराकडून रेशनकार्डाची यादी घेतात, एक्सेल करतात आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकतात, 'बाधित कुटुंबं फायनल'. अरे फायनल कसं? एकाच्या तरी घरात जाऊन बसलात का?

सातबाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी नावापुढे ए.कु.क. लिहिलेलं असतं, एकत्र कुटुंब कर्ता. म्हातारा वारला तेव्हा थोरल्याचं नाव लागलं, बाकीचे भाऊ कागदावरून गेले, बहिणी तर कधी आल्याच नव्हत्या, कसतात मात्र सगळे. एका मध्यम प्रकल्पाच्या बुडितात असंच एक खातं होतं. थोरला भाऊ, मधला भाऊ आणि धाकट्याची विधवा बायको, तिला सगळा गाव नानी म्हणायचा. तीन घरं, तीन चुली, खातं एक. यादी करणाऱ्या संस्थेने कुटुंब एक लिहिलं, ती यादी तशीच निवेदनाला जोडली, आणि पुढे ऑफिसने तीच उचलली कारण तयार यादी मिळाली तर कारकून नवीन कशाला करेल. नवीन गावठाणात प्लॉटची सोडत झाली त्या दिवशी नानी लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली होती. सगळी नावं पुकारून झाली, तिचं आलंच नाही. थोरला दीर म्हणाला माझ्या प्लॉटात राहा. नानी म्हणाली, आजवर तुझ्या दारात राहिले नाही, आता का राहू.

अर्ज केला तर उत्तर आलं की तुमच्याच संस्थेच्या यादीत स्वतंत्र कुटुंब दाखवलेलं नाही. आपलाच कागद आपल्या अंगावर. शेवटी तिला वाचवलं ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्याने, कारण घरपट्टी तिच्या नवऱ्याच्या नावाने वेगळी चालू होती. आणि घराच्या मूल्यांकनाचा पंचनामा मिळाला, त्यात तिच्या घराचा वेगळा नंबर, दोन खण, मातीच्या भिंती, कौलारू, पूर्वेला दार, सगळं लिहिलेलं होतं. तो नंबर लाल रंगाने तिच्या चौकटीवर काढलेला, त्याचा फोटो पुतण्याच्या मोबाइलमध्ये होता. म्हणजे घराचा मोबदला देताना सरकारने तिला वेगळं धरलं होतं आणि प्लॉट देताना नाही. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर साहेबांना मान्य करावं लागलं. पण तोवर चांगले प्लॉट संपलेले, तिला मिळाला तो ओढ्याकडेचा.

माझी सवय सांगते. मी गावात चूल विचारते, खातं नंतर. प्रत्येक चुलीसाठी एक पान, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीसुद्धा, आणि मग ते पान सातबारा, नमुना आठ, मतदार यादी आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळवते. कुठे नाव नसेल तिथे लाल पेनाने गोल. वारस नोंद राहिली असेल तर ती निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या हुकमाच्या, आधी लावून घ्यायची, फेरफार मंजूर होईपर्यंत मागे लागायचं. वेळ खूप जातो. ज्याला इतका वेळ नाही त्याने यादी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सरदार सरोवरचं उदाहरण बघा. महाराष्ट्रातली ३३ गावं, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, आणि पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर. तरी कोण 'घोषित' प्रकल्पग्रस्त आणि कोण 'अघोषित' हा वाद वर्षानुवर्षं चालला, कारण डोंगरातल्या कितीतरी पिढीजात जमिनींची महसूल दप्तरी नोंदच नव्हती. सज्ञान मुलांना जमीन द्यायची हे मार्च २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं. लवादाने एवढं स्पष्ट लिहूनही लोकांना इतकं भांडावं लागत असेल तर तुमच्या एक्सेलला कोण विचारतो.

तारीख न घालता सही, निषेध न नोंदवता मोबदला

कोतवाल नोटीस घेऊन येतो, माणूस शेतात असतो, घाईघाईत अंगठा देतो, तारीख कोरी. नंतर ती तारीख ऑफिसात भरली जाते. निवाड्याची नोटीस असेल, जुन्या म्हणजे १८९४ च्या भूसंपादन कायद्यातली १२(२) ची, तर वाढीव मोबदल्याच्या अर्जाला त्या दिवसापासून फक्त सहा आठवडे असतात. निवाड्याच्या वेळी माणूस स्वतः हजर असेल तर निवाड्यापासूनच सहा आठवडे. नोटीस मिळालीच नाही तर निवाड्यापासून सहा महिने. नवीन भूसंपादन कायद्यात, म्हणजे २०१३ च्या, कलम ६४ मध्ये मुदती जवळपास याच आहेत, फक्त सबळ कारण दाखवलं तर कलेक्टर आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. त्या भरवशावर राहू नका.

आणि चेक घेताना 'निषेध नोंदवून स्वीकारले' हे शब्द पावतीवर हाताने लिहायचे म्हणजे लिहायचे. हे न लिहिता पैसे घेतले तर जुन्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे वाढीव मोबदल्याचा दावाच करता येत नाही, नवीन कायद्यात तेच कलम ७७ मध्ये आहे. कॅम्पमध्ये कारकून म्हणतो, लिहिलं तर चेक अडकेल. अडकत नाही. मी कॅम्पच्या दिवशी दारात उभी राहते आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहून देते, मग तो सही करतो.

६५ टक्क्यांची पावती

लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागात, पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्यातले ६५ टक्के सरकारकडे भरावे लागतात, हे बहुतेकांना माहीत असतं. भरल्याचा पुरावा कुठे आहे हे मात्र कोणाला सांगता येत नाही.

एका धरणाच्या लोकांना ऑफिसने सरळ लेखी दिलं की सदर खातेदारांनी रक्कम भरल्याची नोंद आढळत नाही, सबब जमीन देय नाही. गावात तरुण कार्यकर्ते होते, जोशात होते, त्यांनी मोर्चा काढला, मग दुसरा, मग उपोषण. प्रत्येक वेळी तेच उत्तर, नोंद आढळत नाही. एकानेही विचारलं नाही की नोंद कुठे शोधली. मोबदला वाटणारं विशेष भूसंपादनाचं कार्यालय कधीच बंद झालेलं, दप्तर दुसरीकडे गेलेलं, आणि पुनर्वसन शाखेने स्वतःच्या कपाटात बघून 'आढळत नाही' लिहिलं होतं.

आम्ही घरोघर जुन्या पिशव्या उघडायला लावल्या. लग्नपत्रिका, खतांची बिलं, पोथ्या, सगळं निघालं, आणि एका आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात, विड्याच्या पानांच्या वासाची, चार घड्या घातलेली एक पावती निघाली. शिक्का फिका झालेला पण तारीख वाचता येत होती. लोकांनी स्वतः जाऊन पैसे भरलेच नव्हते, मोबदला देतानाच रक्कम कापून घेतली होती, म्हणून चलनांमध्ये शोधणाऱ्याला काही सापडणार नव्हतं. ती तारीख धरून रेकॉर्ड रूममध्ये मोबदला वाटपाचं रजिस्टर मागितलं. रजिस्टर निघालं, आणि एका रकान्यात नावासमोर कपात, नावासमोर कपात, सगळ्या खातेदारांची. आजोबांनी त्या पानावर बोट ठेवून स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही. 'आधी पुनर्वसन, मगच धरण' ही घोषणा देत लोक रस्त्यावर आले म्हणूनच या राज्यात पुनर्वसनाला काही अर्थ आला. पण मोर्चातून जे शिष्टमंडळ आत जातं त्याच्या हातात रजिस्टरचं पान पाहिजे. मोर्चाचा फोटो टाकायची घाई आणि रेकॉर्ड रूममध्ये धूळ खायचा कंटाळा, हे दोन्ही एकाच माणसात असतात हे मी फार बघितलंय. जिल्ह्याच्या नि खालच्या ऑफिसांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला देण्याचा शासन निर्णय २०१८ पासून आहे. जा ना त्या वेळेत.

बैठक झाली म्हणजे काम झालं असं समजणं

मंत्री म्हणाले, कलेक्टरसाहेबांनी शब्द दिला, टाळ्या झाल्या, लोक घरी. इतिवृत्त, म्हणजे बैठकीची लेखी नोंद, कुठेय? इतिवृत्त आलं नाही तर बैठक झालीच नाही असं समजा. मी बैठकीतून उठायच्या आधी मुद्दे हाताने लिहून काढते आणि दुसऱ्या दिवशी 'काल झालेल्या चर्चेनुसार' म्हणून पत्र देते, कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचं आणि कधीपर्यंत, सगळं त्यात. आवक शाखेत पोच, तारीख आणि नंबर. साहेबांची बदली होते, शब्द त्यांच्याबरोबर जातो, आवक नंबर तिथेच राहतो.

आणि आल्या आल्या मंत्रालय गाठू नका. तिथून पत्र खाली येतं 'नियमानुसार कार्यवाही करावी', ते त्याच टेबलावर येऊन पडतं जिथे तुम्ही आधी जायला हवं होतं, फक्त आता त्या टेबलावरचा भाऊसाहेब, म्हणजे कारकून, दुखावलेला असतो.

आता बाकीच्या पटापट.

चुकीच्या टेबलावर भांडणं. भूसंपादन महसूलचं, पर्यायी जमीन पुनर्वसन शाखेची, पैसे पाटबंधारेचे, मोजणी भूमी अभिलेखची. विभागीय आयुक्तांकडे पुनर्वसनाचे उपायुक्त असतात, जिल्ह्यात दाद लागत नसेल तर आधी तिथे.

माहिती अधिकारात एका अर्जात गावाचा सगळा इतिहास मागणं. महाराष्ट्रात एक विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे. नेमका कागद मागा. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, ते विसरलात तर सगळं परत पहिल्यापासून.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम २४(२) चे व्हॉट्सअप फॉरवर्ड. जुनं संपादन आपोआप रद्द होतं म्हणून गावोगाव वर्गणी काढून केसेस टाकल्या गेल्या. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, दोन्ही असेल तरच. जो वकील हे न सांगता फी मागतो त्याच्याकडून उठून या.

मूळ कागद एजंटाला देणं. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे दाखल्यांवर डोळा ठेवून फिरणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, हातातून सोडू नका.

पर्यायी जमीन मिळाल्या मिळाल्या विसार पावती करणं, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ती विकायचं लिहून देणं. जमीन वर्ग दोनची असते, परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि अडाणी माणसाला फसवून लिहून घेतलेले कागद सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. गावात हे आधीच बोला, जमीन मिळायच्या आधी.

गावठाण तयार नसताना उठणं. घळभरणी झाली, म्हणजे नदीपात्रातली धरणाची शेवटची फट बंद झाली, की तुमच्या म्हणण्याला ऑफिसात कोणी विचारत नाही, म्हणून जे काही मिळवायचं ते घळभरणीच्या आधी. रस्ते, वीज, शाळा, स्मशानभूमी, खळवाडी, गुरांना जागा, पाणी, ही यादी घेऊन नवीन गावठाणात चालत फिरा, बायकांना बरोबर घ्या कारण पाणी त्याच भरणार आहेत. ग्रामपंचायतीकडे हस्तांतरणाच्या कागदावर सरपंचाची सही झाली की पाटबंधारेचे हात मोकळे, त्यामुळे सहीच्या आधी प्रत्येक नळ सोडून बघायचा. आणि ही पाहणी पावसाळ्यात ठेवली असेल तर तारीख बदलून मागा, पावसाळ्यात सगळ्याच विहिरींना पाणी असतं. मे महिन्यात या म्हणावं.