पानगळीत झाडं ओळखायला निघण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी माघात जावळीतल्या एका टेकडीवर नववीची मुलं घेऊन गेले होते. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत झाडांची नोंद करायची होती. दिवसभरात चाळीसेक झाडं पाहिली. फळं, गळलेली पानं, सालीचे पोपडे असं सगळं एकाच पिशवीत भरलं आणि रात्री ती पिशवी सतरंजीवर ओतली. कुठलं फळ कुठल्या झाडाखालचं, एकालाही सांगता येईना. तरी आठवून आठवून वही पुरी केली. ज्येष्ठात पालवी आल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा ऐन म्हणून लिहिलेल्या अकरा झाडांतली पाच किंजळी निघाली. आणि ज्या कुंभ्याच्या झाडापुढे मी 'वठलेला' असं लिहिलं होतं, त्याच्या मालकाने मला मध्येच एकदा विचारलं होतं, "बाई, तुमच्या वहीत वठलाय म्हणून लिवलंय, मग सरपणाला घिऊ का पाडून?" चैत्रात त्याला फुलं आली म्हणून तो वाचला.

म्हणून पहिली गोष्ट चिठ्ठी. वर्तमानपत्राची लहान पाकिटं घरीच चिकटवून ठेवा, झाडं मोजून नव्हे, त्याच्या दुप्पट. एका झाडाचं जे काही उचलाल ते एकाच पाकिटात, आणि आत चिठ्ठी: झाडाचा क्रमांक, तारीख, जागा. पेन्सिलीने लिहा, दवात शाई पसरते. चिठ्ठी झाड सोडण्याआधी आत गेली पाहिजे. "खाली उतरल्यावर लिहू" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

पाणी, टोपी, भाकरी हे सांगायला नको. पूर्ण बाह्यांचा सदरा मात्र सांगते, कारण या दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा पिकलेल्या असतात आणि तिची लव अंगाला लागली की दिवस संपला. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवा. फुरसं हा विषारी साप पाचोळ्याच्याच रंगाचा असतो. काडेपेटी कुणाच्याही खिशात नको. वाळल्या गवताच्या डोंगराला वणवा लागायला एक ठिणगी पुरते. मोठ्या सावरीवर आग्या मोहोळ असतं, तिच्याखाली गोंगाट नको. कोयना किंवा चांदोलीच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. देवराईत जाणार असाल तर गुरवाला विचारा. कित्येक देवरायांत पडलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत, तिथे फोटोवर भागवा.

हिवाळ्यात ओक कसा ओळखावा याचे परदेशी व्हिडिओ पाहून मुलं येतात. ओक सह्याद्रीत आपणहून उगवत नाही, हिमालयात त्याचा भाऊबंद बांज आहे. पाचगणीचा सिल्व्हर ओक हा नावापुरताच ओक, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पण तिकडची रीत घेण्यासारखी आहे: फांदीच्या टोकाशी कळ्यांचा झुबका बघायचा आणि झाडाखाली फळांच्या टोप्या शोधायच्या. फक्त झाडाच्या एकूण आकारावर जाऊ नका. आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐन-किंजळीच्या फांद्या वर्षानुवर्षं तोडल्या जातात, त्यामुळे झाड खांबासारखं उभं राहतं आणि त्याचा मूळ डौल उरतच नाही.

दुर्बीण हवी, कारण फळं शेंड्याला टिकून असतात. फोन हवा, रेंज नसली तरी जागेचे अक्षांश-रेखांश तो देतो. फोटो चार काढा: पूर्ण झाड, साल, फांदीचं टोक, खालची जमीन. चारही फोटोंत चिठ्ठी दिसली पाहिजे. हो, पुन्हा चिठ्ठीच. माझ्याकडे त्या दिवशीचे शंभरावर फोटो आहेत आणि त्यातली साल कुणाची ते मला आजही माहीत नाही.

आता ओळख. ऐनाची साल काळसर, उभ्या-आडव्या भेगांनी चौकटी पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. किंजळीची सालही खरखरीत आणि भेगाळलेली, विशेषतः म्हाताऱ्या झाडाची, म्हणून केवळ सालीवर निकाल देऊ नका. फळ बघा. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख असतात. किंजळीचं फळ बारीक, एक पंख मोठा आणि दोन लहान, आणि झाडावर त्याचे तांबूस घोस दिसतात. गळलेलं पान उलटं करा. ऐनाच्या पानाच्या पाठीवर मधल्या शिरेलगत देठापाशी गाठी हाताला लागतात. पण हे फळ आणि हे पान याच झाडाचं कशावरून? डोंगरावर वारा असतो, पंखांची फळं त्यासाठीच असतात, शेजारच्या झाडाचं फळ तुमच्या झाडाखाली आलेलं असू शकतं. तीन खुणा एका झाडावर जुळल्या तरच नाव लिहा. दोनच जुळल्या तर प्रश्नचिन्ह घाला आणि पालवीला परत या.

नाणा सोपा: गुळगुळीत फिकट खोड, पातळ पापुद्रे सुटलेले. सावर आणि पांगारा दोघांनाही काटे, पण सावरीच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या निघतात. म्हाताऱ्या सावरीच्या बुंध्यावरचे काटे झडलेले असतात, तेव्हा वर बघा. कुंभ्याची पानं गळण्याआधी लाल होतात आणि त्याची पांढरी फुलं रात्री उमलून सकाळी खाली पडलेली सापडतात. मी दुपारी गेले होते, आणि फुलं येण्याच्या आधी. बिवल्याचं फळ चपट्या चकतीसारखं, मध्ये फुगीर. लाल चीक बघायला सालीला कोयता लावू नका.

मुलांना हे कशासाठी, ते निघण्याआधीच सांगा. पान गाळून झाड कोरड्या महिन्यांत पाणी वाचवतं, ते मेलेलं नसतं. सावर, पळस, पांगारा बोडके असतानाच फुलतात, आणि रानात खायला कमी असताना मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी त्यांच्यावर जगतात. सावरीची खाली पडलेली फुलं भेकरं खातात. ऐनाच्या पानांवर टसर रेशमाची अळी पोसते. खरोखर वठलेली फांदीसुद्धा कामाची, कारण तांबट अशाच फांदीत ढोली कोरतो. म्हणून 'वठलेलं' हा शब्द वहीत लिहायचाच नाही. 'निष्पर्ण' लिहा, तारीख घाला.

शक्य असेल तर दिवाळीच्या सुमारास, पानं असताना, त्याच वाटेने एकदा फिरून या आणि झाडांना सुती दोऱ्याने क्रमांक बांधा. खिळे ठोकू नका.

संध्याकाळी घरी आल्यावर पाकिटं सावलीत पसरा. गोचीड तपासा. वही त्याच रात्री. पाकिटं मोजा, चिठ्ठ्या मोजा. ज्या पाकिटात चिठ्ठी नसेल ते वहीत घेऊ नका, आठवत असलं तरी.