खटल्याची फाईल सांभाळायची कशी: नागपुरातल्या नव्या पॅरालीगलसाठी

आमचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मी तिथे दिवाणी दाव्यांच्या आणि चेक न वटल्याच्या खटल्यांच्या फाईली बघते. पदाचं नाव लिटिगेशन पॅरालीगल, म्हणजे खटल्याच्या कामात वकिलांना मदत करणारी. मी वकील नाही, माझ्याकडे वकिलीची सनद नाही. नवी मुलं-मुली कामाला लागली की आधी काही दिवस माझ्या टेबलाशी बसतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे, कारण हे काम एका जागी लिहिलेलं सापडत नाही आणि ते चुकलं तर नुकसान पक्षकाराचं होतं.

आधी आपली हद्द. कोर्टासमोर बाजू मांडणं आणि पक्षकाराला कायद्याचा सल्ला देणं ही कामं वकिलांची. अधिकार नसताना वकिली केली तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पक्षकार दारातच विचारतो, "मॅडम, जिंकू ना आपण?" त्याला सांगायचं, "भाऊ, ते सर सांगतील. तुमचे कागद पूर्ण करायची जबाबदारी माझी." एवढ्यानं माणूस दुखावत नाही. दुसरी हद्द गोपनीयतेची. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं वकील बाहेर सांगू शकत नाही, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये हेच बंधन वकिलांच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही घातलं आहे. कोर्टाच्या कँटीनमध्ये समोरच्या वकिलाचा कारकून आपल्या शेजारीच चहा घेत असतो. तिथे फाईलबद्दल एक शब्द नको, पक्षकाराचं नावही नको.

कागद घेताना

पक्षकार पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा पिशवी घेऊन. उमरेड-काटोलकडचा शेतकरी असेल तर पिशवीत खरेदीखत, चार-पाच सातबारे, फेरफाराची नक्कल, पटवाऱ्यानं हातानं लिहून दिलेला एखादा कागद. शहरातल्या प्लॉटचं भांडण असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नागपूर सुधार प्रन्यासच्या पावत्या, आर.एल. लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र). "ठेवून जा, बघतो" असं कधी म्हणू नका. त्याच्यासमोरच कागद टेबलावर मांडा आणि प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी विचारा. हा अस्सल आहे, सही-शिक्क्याची नक्कल आहे की झेरॉक्स? तुमच्याकडे कुठून आला? यावर सह्या कोणाच्या, आणि ती माणसं हयात आहेत का?

दुसरा प्रश्न नव्या मुलांना फालतू वाटतो. पण कागद तीस वर्षांपेक्षा जुना असेल आणि तो जिथे असायला हवा त्याच ताब्यातून आला असेल, तर त्यावरची सही आणि अक्षर खरं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. आजोबांचं वाटणीपत्र घरातल्या पेटीतून निघालं की कोण्या दूरच्या माणसानं परवा आणून दिलं, यानं फरक पडतो. "घरीच होतं" एवढं लिहून भागत नाही. कोणाच्या घरी, कोणाकडे, त्याच्या आधी कोणाकडे, ते विचारा. तिसरा प्रश्न मृत्युपत्रात सर्वांत मोलाचा. साक्षीदार म्हणून सही केलेल्यांपैकी कोणी हयात आणि साक्ष द्यायला समर्थ असेल, तर निदान एकाला कोर्टात तपासावंच लागतं. त्यांचं वय आणि राहतं गाव पहिल्याच दिवशी लिहून घ्या. नंतर शोधायला गेलं की कोणी पुण्याला मुलाकडे गेलेलं असतं, कोणी अंथरुणाला खिळलेलं.

अस्सल कागदाला पंच करायचं नाही, स्टेपल मारायची नाही, त्यावर पेन्सिलीनंही काही लिहायचं नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. पारदर्शक पाकिटात ठेवा, स्कॅन करा, आणि काय घेतलं याची पोच दोन प्रतींत करून एकीवर पक्षकाराची सही घ्या.

विदर्भातल्या जुन्या कागदांची एक वेगळी अडचण आहे. १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्यामुळे त्या काळचे जमिनीचे बरेच कागद हिंदीत मिळतात आणि त्यांत मालगुजार (सारा गोळा करणारा गावचा जमीनदार), निस्तार पत्रक (चराई-जळणाच्या गावहक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) असे शब्द येतात. वाचता आलं नाही तर अंदाजानं भरू नका. जसं दिसतं तसं उतरवा, जिथे लागत नाही तिथे जागा मोकळी सोडा आणि सरांना दाखवा. खसरा नंबरातला, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या नंबरातला, एक आकडा चुकला की दावा शेजाऱ्याच्या वावरावर जातो.

हे सगळं झालं की तारीखवार घटनाक्रम करा. एका ओळीत एकच घटना, पुढे कोणत्या कागदावरून ती कळली ते. कागद नसेल तर "पक्षकाराच्या सांगण्यावरून" असं स्पष्ट लिहा. वकील दाव्याचा मसुदा याच यादीवरून करतात, आणि उलटतपासाच्या दिवशी हातात हीच यादी असते.

मुदत

माझ्या मते पॅरालीगलचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. वाईट टायपिंग दुरुस्त होतं, राहिलेला कागद नंतर परवानगीनं दाखल करता येतो. गेलेली मुदत मात्र कधी माफ होते, कधी होत नाही.

चेकच्या प्रकरणात मोजून दाखवते. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो पक्षकाराला ३ मार्चला मिळाला. त्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला नोटीस गेली पाहिजे. पहिला दिवस सोडून मोजायचं, म्हणजे शेवटची तारीख २ एप्रिल. समोरच्याला नोटीस १० एप्रिलला पोचली असं धरा. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, २५ एप्रिलपर्यंत. दिले नाहीत तर २६ एप्रिलला दाव्याचं कारण घडतं आणि तिथून एका महिन्यात तक्रार दाखल करायची. शेवटची तारीख २६ मे. डायरीत मात्र मी २६ मे नाही, १५ मे लिहायला लावते. सही, शपथपत्र, बँकेच्या कागदांच्या प्रती, सगळ्याला वेळ लागतो आणि मे महिन्यात नागपुरात अर्धी माणसं गावाला गेलेली असतात.

यात महत्त्वाचा कागद म्हणजे नोटीस पोचल्याचा पुरावा. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. पोस्टाची पावती, नोटिशीची प्रत आणि ट्रॅकिंगचं पान एकत्र लावा. ट्रॅकिंगचं पान पोचल्याच्या दिवशीच छापून घ्या, पुढे ते संकेतस्थळावर दिसेलच असं नाही. पाकीट परत आलं तर फोडू नका. त्यावरचा पोस्टमनचा शेरा हाच पुरावा असतो.

दाव्यात आपला पक्षकार प्रतिवादी असेल तर समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब द्यायचा. कोर्ट कारण नोंदवून नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं, साध्या दाव्यात त्याही पुढे क्वचित सवलत मिळते. व्यापारी दाव्यात मात्र एकशेवीस दिवसांची भिंत आहे. त्यानंतर जबाब घेतलाच जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून समन्स हातात आलं की पहिला प्रश्न तारखेचा. मागे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मी तर वावरात होतो, पोरानं सही करून घेतलं." मी पोराचं वय विचारलं. शाळेत जाणारा होता. घरातल्या सज्ञान माणसाला दिलेलं समन्सच कायद्याला चालतं, तेही मूळ माणूस घरी नसेल आणि लवकर सापडण्यासारखा नसेल तेव्हा. मी वय, इयत्ता आणि बेलीफ (समन्स बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) आल्याचा दिवस लिहून फाईल सरांकडे दिली. त्याचा उपयोग करायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं. आपण विचारलंच नाही तर त्यांना ते कळणार कसं?

निकाल विरोधात गेला तर अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात तीस दिवस, हायकोर्टात नव्वद. प्रमाणित नकलेला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो, म्हणून नक्कल अर्ज निकालाच्या दिवशीच टाका, अपील करायचं ठरलं नसलं तरी. नकलेच्या मागे अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. वगळला जातो तो तयार होईपर्यंतचा वेळ. नक्कल तयार असून आपण आठ दिवस आणायला गेलो नाही तर ते आठ दिवस आपल्या खात्यात पडतात. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण त्या सवलतीच्या भरवशावर कोणतंही काम ठेवू नका.

कोर्टातला दिवस

आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघून फाईली काढायच्या. प्रत्येक फाईलच्या वर एक चिठ्ठी: आज कशासाठी आहे, मागच्या तारखेला काय झालं, कोण यायचं आहे. फाईलच्या आत निशाण्यांची, म्हणजे कोर्टानं कागदांना दिलेल्या नंबरांची, यादी चालू स्थितीत हवी. दावा निशाणी १, मनाई हुकुमाचा अर्ज निशाणी ५, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पुढचे अर्ज, पुरशिसा (कोर्टाला दिलेली लेखी निवेदनं), दस्तऐवजांच्या याद्या यांचे नंबर कोर्टाच्या नोंदीशी जुळवून ठेवले नाहीत तर युक्तिवादाच्या वेळी वकील पानं उलटत राहतात.

तारीख झाली की ई-कोर्टच्या संकेतस्थळावर काय आलं एवढ्यावर थांबू नका. रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, स्वतः वाचा. "खर्चासह तहकूब" असेल तर खर्च किती आणि कधीपर्यंत भरायचा, समन्स पुन्हा काढायचं असेल तर ते बजावण्याची प्रोसेस फी कोणी भरायची, हे तिथेच कळतं. पुढची तारीख त्याच दिवशी डायरीत, संगणकावर आणि पक्षकाराच्या फोनवर. फोन करणं टाळू नका. "तारीख होऊन गेली, काहून सांगितलं नाही?" असं विचारायची वेळ कोणावर येऊ नये.

हायकोर्टाचं काम वेगळ्या चालीनं चालतं. तिथली भाषा इंग्रजी, म्हणून मराठी कागदासोबत भाषांतर लागतं. पान पुसट असेल तर टाईप केलेली प्रत जोडावी लागते. दाखल केल्यावर कोर्टाच्या ऑफिसचे ऑब्जेक्शन, म्हणजे कागदांतल्या त्रुटी, निघतात आणि ते काढेपर्यंत प्रकरण पुढे सरकत नाही. म्हणून दाखल केल्यापासून रोज स्थिती बघायची.

नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. गडचिरोलीहून येणारा माणूस पहाटे एसटीत बसतो आणि एका दिवसाची मजुरी सोडतो. त्याला एका सहीसाठी दुसऱ्यांदा बोलावणं हा अन्याय आहे, मी याबाबत कोणाचंही ऐकत नाही. तो यायच्या आधी वकीलपत्र, शपथपत्र, पडताळणी, सगळं छापून, सहीच्या जागी खुणा करून तयार पाहिजे. ओळखीचा कागद कोणता आणायचा ते फोनवर दोनदा सांगा. शपथपत्र त्याला मराठीत वाचून दाखवा, घाई न करता. तो म्हणाला, "असं नव्हतं ना मॅडम", तर तिथेच थांबा आणि वकिलांना बोलवा. त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. उलटतपासात त्या शब्दांना उत्तर त्याला एकट्याला द्यावं लागतं.

फोनमधला पुरावा

हल्ली निम्म्या फाईलींत व्हॉट्सॲप असतं. पक्षकार स्क्रीनशॉट पाठवतो आणि त्याला वाटतं काम झालं. त्याला सांगा: फोन विकू नका, रीसेट करू नका, ते बोलणं पुसू नका, मेसेज येणारा नंबर बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून निघणारा आकडे-अक्षरांचा ठसा, फाईल जराही बदलली की तो बदलतो) लिहावी लागते. हॅश काढल्यावर त्या फाईलला हात लावायचा नाही. कामासाठी वेगळी प्रत करून घ्या. फोनचा मेक, मॉडेल आणि आयएमईआय नंबर पक्षकार समोर असतानाच टिपून ठेवा.

फाईल बंद करताना

निकाल लागला, अपिलाची मुदत संपली, अपील झालेलं नाही, असं तिन्ही बघूनच कोर्टात दाखल असलेले अस्सल कागद परत मिळण्याचा अर्ज तयार करायचा. हा टप्पा बहुतेक ऑफिसांत राहून जातो. मग दहा वर्षांनी जमीन विकायला निघालेला मुलगा खरेदीखत शोधत येतो. कागद मिळाले की पहिल्या दिवशीच्या पोचेशी एकेक जुळवून पक्षकाराच्या हातात द्या, त्याची सही घ्या आणि ती पोच फाईलच्या सर्वांत वर लावा.