छोट्या क्षेत्रावरची कपाशी परवडेल का? पेरणीपूर्वी मांडायचा हिशेब

कपाशीचा हिशेब बहुतेक घरांत शेवटची वेचणी आटोपल्यावर मांडला जातो, आणि तेव्हा त्यातले काहीही बदलण्याची सोय उरलेली नसते. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याने तो पेरणीआधी मांडावा आणि शक्यतो पैशांऐवजी क्विंटलमध्ये मांडावा, कारण त्यामुळे खर्च भागवण्यासाठी किती कापूस घरात यावा लागेल हे थेट दिसते.

प्रथम उत्पादन कितीही आले तरी टळणार नाही असा एकरी खर्च लिहून काढावा. मशागत, बियाणे, खते, निंदणी, डवरणी, फवारणी, जमिनीचा खंड आणि उसनवारीवरचे व्याज हे सारे त्यात येते. घरच्या माणसांची मजुरीही बाजारभावाने धरावी. ती वगळली तर कागदावर दिसणारा नफा हा पुष्कळदा त्यांच्याच न दिलेल्या मजुरीचा आकडा असतो. वेचणी मात्र वेगळी लिहावी. ती वजनावर दिली जात असल्याने कापूस वाढला की तीही वाढते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, टळू न शकणारा एकरी खर्च सव्वापाच क्विंटल कापसाच्या किमतीइतका आहे आणि वेचणी व वाहतूक मिळून प्रत्येक क्विंटलच्या किमतीचा आठवा भाग जातो. प्रत्येक क्विंटलमागे सात अष्टमांश किंमत हाती राहते, म्हणून खर्च भागायला एकरी 6 क्विंटल कापूस लागेल. हाच हिशेब भाव 20 टक्क्यांनी उतरला असे धरून पुन्हा मांडावा. खर्च आणि मजुरी भावाबरोबर उतरत नाहीत, त्यामुळे लागणारे उत्पादन सुमारे पावणेआठ क्विंटलांवर जाते, म्हणजे जवळजवळ 30 टक्के वाढते. मागील 5 वर्षांतील स्वतःच्या शेताच्या एकरी उत्पादनाचे आकडे समोर ठेवावेत. त्यांपैकी निम्म्या वर्षीही हा दुसरा आकडा गाठला गेला नसेल, तर सगळे क्षेत्र कपाशीखाली घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या भागात कडधान्य घ्यावे किंवा कपाशीतच लवकर निघणारे आंतरपीक घ्यावे. त्याचा पैसा पहिल्या वेचणीआधी हाती येतो आणि फवारणीसाठीची उसनवारी तेवढी कमी होते.

भाव इतका उतरेल ही भीती अवाजवी नाही. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात 2011 च्या मार्चमध्ये रुईचा, म्हणजे बी (सरकी) काढून उरलेल्या तंतूचा, दर पाउंडाला 2 डॉलरांच्या वर गेला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो 1 डॉलरच्याही खाली आला होता. म्हणूनच आपल्या कापसाची खरी किंमत स्वतः काढता यायला हवी. रुईचा उतारा 34 टक्के असेल तर एक क्विंटल कापसातून 34 किलो, म्हणजे सुमारे 75 पाउंड रुई मिळते. बाकीचे बहुतेक वजन सरकीचे असते आणि थोडी घट येते. रुई व सरकीच्या किमतींच्या बेरजेतून जिनिंग (रुई व सरकी वेगळी करणे), गाठी बांधणी व वाहतूक वजा केली की व्यापाऱ्याचा भाव रास्त आहे की नाही ते कळते. सरकीचा दर विसरू नये, कारण रुईचा दर स्थिर असतानाही तेल आणि पेंडेच्या बाजारामुळे कापसाचा भाव हलतो.

उत्पादन वाढवण्यापेक्षा खर्च आवरणे छोट्या शेतकऱ्याच्या हातात अधिक असते, आणि त्यात सर्वांत मोठी जागा फवारणीची आहे. दिनदर्शिका पाहून फवारू नये. बोंडे लागल्यावर शेताच्या वेगवेगळ्या भागांतून 20 हिरवी बोंडे तोडून ती फोडावीत. 2 किंवा अधिक बोंडांत गुलाबी बोंडअळी आढळली, म्हणजे प्रादुर्भाव 10 टक्क्यांवर पोहोचला, तर फवारणीचा विचार करावा. या तपासणीला तासभरही लागत नाही आणि एखादी अनावश्यक फवारणी वाचली तरी तो तास वसूल होतो.

वेचणीत सकाळचे दव उडाल्यावरच हात घालावा. ओला कापूस वजनाला भरतो, पण तो ढिगात तापतो, पिवळा पडतो आणि ओलाव्यापोटी कपात होते. पहिल्या वेचण्यांचा स्वच्छ माल आणि नंतरची कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला हलका कापूस, वेगळी ठेवावी, आणि वेचणीसाठी प्लास्टिकच्या गोण्यांऐवजी सुती कापडाच्या झोळ्या वापराव्यात, कारण गोण्यांचे तुटलेले धागे रुईत मिसळले की जिनमध्ये वेगळे काढणे कठीण जाते.

फरदड ठेवावी का, म्हणजे मुख्य वेचण्या आटोपल्यावरही आणखी कापसासाठी पीक उभे ठेवावे का, हा प्रश्न दरवर्षी येतो. तेव्हा आधी झालेला खर्च मनातून काढून टाकावा आणि पुढे येणाऱ्या कापसाच्या किमतीतून फक्त पुढची वेचणी, पाणी, फवारणी व त्या जागी होऊ शकणारे दुसरे पीक वजा करावे. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ असल्याने किलोमागे मजुरी जास्त लागते आणि माल हलका निघतो. शिवाय उभ्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, बोंडअळीला खाद्य मिळत राहते व पुढल्या हंगामाचा फवारणीखर्च वाढतो. तो वाढीव खर्चही या वजाबाकीत धरला, तर बहुतेक वेळा पऱ्हाटी वेळेवर उपटून तिचा भुगा जमिनीत गाडणेच फायद्याचे ठरते.