हल्ल्याच्या दिवसासाठी रुग्णवाहिका सेवेची तयारी: पैसा आधी कुठे लावावा

यादी करायला बसलं की हात आधी सामानाकडे जातो. त्याआधी कागदाचे दोन भाग करा. एकात एकदाच होणारा खर्च लिहा, दुसऱ्यात दरवर्षी परत येणारा. मोठा हल्ला झाला की निधी पटकन मंजूर होतो, नवी वाहनं येतात, तंबू येतात, निर्जंतुकीकरणाची यंत्रं येतात. काही वर्षांनी त्याच यंत्राची बॅटरी बदलायला तरतूद उरलेली नसते. म्हणून खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात एकाच पानावर तीन आकडे मागा: वस्तू किती वर्षं टिकते, मुदत संपल्यावर बदलायला काय लागेल आणि ती वापरायला शिकवण्यावर दरवर्षी किती खर्च येईल. तिसरा आकडा मिळत नसेल तर ती वस्तू घेऊ नका, मग ती कितीही आकर्षक असो. प्रशिक्षणाच्या आकड्यात प्रशिक्षकाचं मानधन तेवढं धरून चालत नाही. शिकायला बसलेल्या पॅरामेडिकच्या जागी त्या दिवशी गाडीवर कोण असेल, त्याचा पगारही त्यातच येतो. हा पैसा धरला नाही की प्रशिक्षण कागदावर राहतं, कारण माणसं गाडीवरून सुटतच नाहीत.

सामानात पहिला मान रक्तस्राव थांबवणाऱ्या वस्तूंना द्या. स्फोटात किंवा गोळीबारात जखमी झालेला माणूस हातापायातून वाहणाऱ्या रक्तानं काही मिनिटांत जाऊ शकतो, आणि त्याला वाचवणारी वस्तू स्वस्त आहे. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये दोन स्फोट झाले. तिथे शर्यतीसाठी उभारलेला वैद्यकीय तंबू जवळच होता, तरीही जखमींच्या पायांवर बांधले गेलेले टुर्निके, म्हणजे हातपाय आवळून रक्त थांबवणारे पट्टे, हाताशी सापडेल त्यातून केलेले होते. नुसत्या कापडाच्या पट्टीनं बऱ्याचदा धमनीचा प्रवाह थांबत नाही. शिरेवर दाब येतो आणि रक्त उलट वाढतं. म्हणून पिळायचा दांडा असलेले, तपासून प्रमाणित झालेले टुर्निकेच घ्या. बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकला आहेत आणि त्यांचा दांडा पिळताना मोडतो. निविदेत फक्त सर्वात कमी दर हा निकष ठेवला तर हमखास तीच नक्कल येईल. प्रत्येक खेपेतले काही नग भांडारात मुद्दाम पिळून तोडायला ठेवा आणि या तोडफोडीचा खर्च आधीच मंजूर करून घ्या.

गाडीत टुर्निके कुठे ठेवला आहे, हेही पाहा. बऱ्याच गाड्यांत टुर्निके प्लास्टिकच्या घट्ट वेष्टनात, पेटीच्या तळाशी, बँडेजच्या खाली असतो. रक्तानं निसरडे झालेले हातमोजे घालून ते वेष्टन फाडून बघा, म्हणजे काय म्हणायचं आहे ते कळेल. तो वेष्टनातून काढून, पट्टा योग्य तऱ्हेनं ओवून, एका हातानं ओढता येईल असा बाहेरच्या खिशात असायला हवा. जखमेच्या वर पाचेक सेंटिमीटरवर, सांधा सोडून बांधायचा, रक्त थांबेपर्यंत पिळायचा आणि वेळ लिहायची. वेळ लिहायला ओल्या पट्ट्यावर उमटणारं मार्कर पेन लागतं, तेही यादीत धरा. सोबत जखमेत भरायचा गॉज, दाबाचं बँडेज, छातीच्या भोकावर चिकटवायचं सील, छातीत अडकलेली हवा काढायची लांब सुई आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड ठेवा. हे औषध जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून ते रुग्णालयाच्या भांडारापेक्षा गाडीत असणं चांगलं.

त्यानंतर स्ट्रेचर. या वस्तूची यादीत फार उपेक्षा होते. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टरच्या अरीनात स्फोट झाला तेव्हा जखमींना जाहिरातीचे फलक, टेबलं, लोखंडी अडथळे यांवर झोपवून खाली आणावं लागलं. ७ जुलै २००५ च्या लंडनमधल्या स्फोटांनंतरही घटनास्थळी स्ट्रेचर, टुर्निके आणि जखमींना लावायची वर्गवारीची कार्डं कमी पडल्याचं चौकशीत पुढे आलं. गाडीतलं चाकांचं स्ट्रेचर एकच असतं आणि ते जिन्यावर, रुळांवर, काचेच्या ढिगावर चालत नाही. घडी करता येणारी कापडी स्ट्रेचर्स स्वस्त असतात, धुता येतात, वर्षानुवर्षं टिकतात. एका महागड्या यंत्राच्या पैशात अशी शेकडो येतात. निवड माझ्यावर आली तर मी डोळे मिटून स्ट्रेचर्स घेईन.

किती घ्यायचं, हा प्रश्न इथेच येतो. पहिल्या तासात आपल्याकडे किती गंभीर जखमी येऊ शकतात, तो आकडा आधी पोलीस आणि रुग्णालयांसोबत बसून ठरवा, त्यावरून साठा काढा, आणि तो एका ठिकाणी कोंडून ठेवू नका. काही भाग गाड्यांत, काही दोन-तीन ठिकाणी तयार पेट्यांत, उरलेला भांडारात ठेवा. जे सामान रोज लागतं ते रोजच्या वापरातून फिरवा. भांडारातला जुना गॉज आणि सलाईन आधी गाडीवर जावं, नव्याची जागा मागे. असं केलं की मुदत संपून फेकण्यात जवळजवळ काहीच जात नाही. आणखी एक फायदा म्हणजे कर्मचाऱ्याला ती पेटी उघडल्यावर अनोळखी काही दिसत नाही. मोठ्या दिवसासाठी वेगळं, रोज न वापरलं जाणारं सामान जितकं कमी तितकं बरं.

या नियमाला रासायनिक हल्ल्याची तयारी अपवाद आहे, कारण मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषाचा उतारा इतक्या प्रमाणात रोज लागत नाही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे असंच विष सोडलं गेलं. पाच हजारांहून जास्त लोक उपचारासाठी गेले आणि त्यातले बहुसंख्य चालत, टॅक्सीनं, मिळेल त्या गाडीनं रुग्णालयात पोचले. त्यांच्या कपड्यांतल्या वाफेचा त्रास रुग्णालयातल्या आणि रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनाही झाला. म्हणून अंगावरचं विष धुऊन काढण्याच्या सोयीचा पैसा फक्त घटनास्थळाच्या तंबूवर लावू नका. रुग्णालयाच्या दाराशी पाण्याची सोय, आडोसा, मोठ्या प्लास्टिक पिशव्या आणि बदलायचे साधे कपडे हवेत. अंगावरचे कपडे उतरवले की दूषित पदार्थाचा बराच मोठा भाग निघून जातो, पण अंग झाकायला काही दिलं नाही तर माणसं कपडे उतरवत नाहीत. ॲट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्यांची मुदत संपते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं लेखाशीर्ष आणि शेजारच्या सेवांशी सामायिक साठ्याचा लेखी करार करा. अमेरिकेत असे उतारे रुग्णालयांजवळ आधीच ठेवण्याची केमपॅक नावाची योजना आहे. एकट्या सेवेनं सगळा साठा बाळगण्यापेक्षा ती वाट परवडणारी आहे.

चिलखती जाकिटं घेणार असाल तर ती कोणत्या गोळीला अडवतात ते नीट वाचा. पिस्तुलाची गोळी अडवणारं मऊ जाकीट रायफलपुढे टिकत नाही, त्यासाठी कडक प्लेट लागते आणि वजन वाढतं. जाकिटालाही मुदत असते. स्त्री कर्मचाऱ्यांच्या मापाची मागवायला विसरू नका. पण जाकीट घेतलं म्हणून माणसं आत जातील असं नाही. मँचेस्टरमध्ये स्फोट झालेल्या दालनात पहिली सुमारे चाळीस मिनिटं एकच पॅरामेडिक होता. कुठवर धोका आहे, कुठे पोलिसांच्या आडोशानं काम करता येईल, हे कोण ठरवणार आणि कुणाला सांगणार, याचा सराव पोलीस आणि अग्निशमन दलासोबत एकत्र झाला नसेल तर जाकिटं कपाटातच राहतील. दुसऱ्या स्फोटाची शक्यता धरून गाड्या लावण्याची जागाही त्याच सरावात ठरवा. १९९७ च्या जानेवारीत अटलांटाजवळ पहिल्या स्फोटानंतर तासाभरानं, मदतीला आलेले लोक जमलेले असताना, दुसरा स्फोट झाला होता.

सरावावरचा खर्च कधीही कापू नका. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसमध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले झाले, आणि योगायोगानं त्याच दिवशी सकाळी तिथल्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेनं अनेक ठिकाणच्या हल्ल्यांचा सराव केला होता.

संपर्कासाठी मोबाइलवर विसंबू नका. लंडनच्या त्या स्फोटांच्या वेळी भुयारी रेल्वेच्या बोगद्यात वायरलेस चालला नाही आणि वर मोबाइलच्या लाइनी तुंबल्या. हातातले वायरलेस संच, जादा बॅटऱ्या आणि निरोप घेऊन धावणाऱ्या माणसांची नेमणूक, तिन्हीची तरतूद हवी.

जखमींची वाटणी करायला नियंत्रण कक्षात एक अनुभवी माणूस बसवा. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत स्फोट झाले तेव्हा ग्रेगोरियो मारान्यॉन या एकाच रुग्णालयात ३१२ जखमी गेले. बॉस्टनमध्ये जखमी अनेक मोठ्या रुग्णालयांत विभागले गेले आणि रुग्णालयात जिवंत पोचलेला प्रत्येक जण वाचला. नियंत्रण कक्षातल्या त्या माणसाचा पगार यंत्राच्या यादीत बसत नाही म्हणून तो गळतो. त्यासाठी वेगळी ओळ लिहा. लहान मुलांच्या मापाचे मास्क आणि रक्तदाबाचे पट्टे, भाजलेल्यांसाठी ड्रेसिंग, नातेवाइकांसाठी चौकशीचा कक्ष, कर्मचाऱ्यांसाठी पुढचे काही महिने मानसोपचारतज्ज्ञ, यांनाही प्रत्येकी एक ओळ द्या.

शेवटी दुसऱ्या दिवसाची तरतूद. हल्ल्याच्या रात्रीनंतर सकाळी हृदयविकाराचे, बाळंतपणाचे, अपघाताचे फोन नेहमीसारखेच येतात आणि गाड्यांतलं सामान संपलेलं असतं. पुरवठादाराशी चोवीस तासांत माल देण्याचा दरकरार आधीच करा. निविदेशिवाय खरेदीला मंजुरी कोण देईल, किती रकमेपर्यंत देईल, आणि तो अधिकारी मिळाला नाही तर कोण, ही नावं आणि नंबर नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावा आणि बदली झाली की त्याच दिवशी बदला.