चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर: दुकानात लॅन कसं टाकायचं

जुलै लागला की आपल्या मराठवाड्यात तालुक्याच्या गावाला ऑनलाइन सेंटरवर पीक विम्याची जत्रा भरते, आणि आत बघावं तर चार कॉम्प्युटर, प्रिंटर एकच, अन् पोरगं पेनड्राइव्ह घेऊन इकडून तिकडं पळायलंय. ही पळापळ एका दुपारीत बंद होते, वायर टाकून सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, बस. यालाच लॅन म्हणतात.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, लॅन वेगळं आणि इंटरनेट वेगळं. जेसीबीनं रस्ता खोदताना फायबर तोडलं तरी तुमच्या दुकानातल्या दुकानात फाइल जाते, प्रिंट निघते. नेट गेलं म्हणून प्रिंट बंद, असं कोणी सांगत असेल तर जोडणीतच काहीतरी घोळ आहे.

सामान

हिशोब सोपा आहे. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक राउटर, झाले सहा. या सगळ्यांच्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या डब्याला स्विच म्हणतात, आणि वायर खुपसायच्या खाचेला पोर्ट. म्हणजे 5 पोर्टचा स्विच पुरत नाही, 8 पोर्टचा गिगाबिट (1000 एमबीपीएस स्पीडचा) स्विच घ्या, उद्या कॅमेऱ्याचं डीव्हीआर लावायचं म्हटलं तरी जागा राहते. (गंमत म्हणजे हे इथरनेट, म्हणजे वायरनं जोडायची ही पद्धत, जन्मलं झेरॉक्स कंपनीच्याच कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत, 1973 साली. तेव्हा स्पीड 2.94 एमबीपीएस होता, आता साधा स्विचसुद्धा 1000 देतो.)

वायर कॅट 6 घ्या आणि शुद्ध तांब्याचीच घ्या. बाजारात सीसीए नावाची स्वस्त वायर मिळते, आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. दुकानदार काहीही सांगू द्या, एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की वायर परत करा. शिवाय वायरीच्या टोकाला लावायचे आरजे-45 जॅक (चार-पाच जास्तीचे घ्या, खराब होतातच), ते दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आणि जोडणी तपासायचा टेस्टर लागेल.

वायर ओढणं

स्विचपासून कॉम्प्युटरपर्यंत एका वायरीची लांबी 100 मीटरच्या आत पाहिजे, दुकानात तेवढी लागतच नाही म्हणा. लाइटच्या वायरीला चिकटून, एकाच पट्टीतून नेऊ नका, आडवी ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. छत पत्र्याचं असेल तर पत्र्याला टेकवून तर अजिबात नको, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन माहितीच आहे. भिंतीला केसिंग पट्टी मारा, उंदरांपासूनही थोडा बचाव होतो.

जॅक मारणं, इथं घाई करू नका

माझं तर स्पष्ट मत आहे, लॅनची निम्मी दुखणी जॅकमधेच असतात. वरचं साल इंचभर काढा, आत पिळलेल्या चार जोड्या दिसतील. त्या सोडवून तारा सरळ करा आणि जॅकची क्लिप पलीकडच्या बाजूला, सोनेरी पिना आपल्याकडं, वायर घालायचं तोंड खाली धरून डावीकडून असा क्रम लावा: पांढरा-ऑरेंज, ऑरेंज, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-ब्राऊन, ब्राऊन. टोकं एका रेषेत कापा, जॅकमधे पार पुढपर्यंत ढकला, समोरून आठही तारांची टोकं दिसली पाहिजेत, आणि वरचं सालसुद्धा थोडं जॅकच्या आत गेलं पाहिजे नाहीतर ओढ लागली की तारा निसटतात. मगच टूल दाबा.

खूप जण म्हणतात रंग कसेही लावा, दोन्हीकडं सारखे असले की झालं. टेस्टरचे आठ दिवे तर ओळीनं लागतातही, पण नेट मात्र रडत चालतं. कारण त्या जोड्या उगाच पिळलेल्या नसतात, जोडीतल्या दोन तारांनी मिळून बाहेरचा गोंगाट मारायचा असतो, आणि जोडी फुटली की ते काम होत नाही. डावीकडून 3 आणि 6 नंबरच्या पिना मिळून एक जोडी धरली जाते, म्हणून तिथं हिरवी जोडी येते. अजून एक, 100 एमबीपीएसला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळं स्पीड 1000 ऐवजी 100 वर अडकला असेल तर आधी जॅक कापून नवा मारा, कॉम्प्युटरला दोष नंतर द्या.

पत्ते

सगळं स्विचला जोडलं, स्विचमधून एक वायर राउटरच्या लॅन पोर्टला गेली की राउटर आपोआप प्रत्येकाला 192.168.1.101 असा काहीतरी आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो. प्रिंटरला मात्र फिक्स आयपी द्या, म्हणजे राउटर 100 ते 199 वाटत असेल तर प्रिंटरला 192.168.1.50, नाहीतर लाइट जाऊन आली की प्रिंटरचा पत्ता बदलू शकतो आणि सगळे ओरडायला लागतात. एखाद्या कॉम्प्युटरवर 169.254 नं सुरू होणारा आयपी दिसला तर समजा राउटरपर्यंत तो पोचलाच नाही, वायर बघा. पोचला का नाही हे बघायला कमांड प्रॉम्प्टमधे पिंग लिहून पुढं राउटरचा आयपी टाका, उत्तर आलं की रस्ता मोकळा आहे.

फोल्डर शेअर करणं

विंडोजमधे नेटवर्क प्रायव्हेट करा, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे तिथं पासवर्डवालं युजर पाहिजे, बिनपासवर्डचं खातं विंडोज सहसा नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि लोकं इथंच तासभर अडकायलेत. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून \\192.168.1.20 असं टाका (तिथं त्या पहिल्या कॉम्प्युटरचा आयपी), की फोल्डर समोर. टॅलीचा डेटा असा ठेवणार असाल तर सगळ्यांनी एका वेळी काम करायला गोल्ड लायसन्स लागतं, सिल्व्हर एकाच कॉम्प्युटरचं असतं.

दोन सापळे

एकाच वायरीची दोन्ही टोकं चुकून स्विचमधे घातली की साध्या स्विचवर अख्खं नेटवर्क जाम होतं, झाडलोट करताना कोणीतरी लोंबकळती वायर "जागेवर" लावून जातं आणि मग दुपारभर शोध. आणि जुना राउटर स्विच म्हणून वापरायचा असेल तर त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा आयपी मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि वायर लॅन पोर्टलाच लावा, नाहीतर दोन राउटर दोन वेगळे पत्ते वाटत बसतात.

स्विच आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या गोडाऊनला जोडायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची वायर ओढू नका, मृगाच्या विजा आपल्याकडं काय करतात ते सांगायला नको, तिथं फायबर टाका किंवा वायरलेस ब्रिज (बिनवायरीनं जोडणारी यंत्रं) लावा. आणि गडगडाट सुरू झाला की स्विचचा अडॉप्टर सरळ बोर्डातून काढून ठेवा.