इंग्रजी शब्दसंग्रह परीक्षेसाठी कसा वाढवावा: शब्द त्याच्या संगतीसह शिकण्याची पद्धत

जळगाव, धुळे, अमळनेर किंवा शहादा, कुठल्याही गावच्या अभ्यासिकेत इंग्रजीच्या तयारीची वही बहुधा एकाच धाटणीची असते: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एक मराठी अर्थ, आणि अशी पानेच्या पाने भरलेली. या वहीमागची मेहनत खरी असते. परंतु एका शब्दासमोर एकच अर्थ लिहिला की तो शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो, कोणत्या सुरात वापरला जातो आणि कुठे मुळीच चालत नाही, ही माहिती वहीबाहेरच राहते. वरच्या पातळीवरच्या परीक्षेत गुण नेमके तिथे जातात.

सुरुवात शब्दांपासून न करता प्रश्नपत्रिकेपासून करावी. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांसाठी असतात आणि त्यांत समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्प्रचार हे प्रकार थेट विचारले जातात. लष्करातील अधिकारीपदासाठीच्या सीडीएस परीक्षेत इंग्रजीचा 100 गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. बँकांच्या परीक्षांत मात्र शब्द बहुतेक वेळा उताऱ्यात किंवा गाळलेल्या जागांत दडलेला असतो. परदेशी शिक्षणासाठीच्या जीआरईमध्ये एका प्रकारात सहा पर्यायांपैकी असे दोन निवडावे लागतात की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. शिवाय दोन-तीन गाळलेल्या जागांच्या प्रश्नात एक जागा चुकली तरी पूर्ण प्रश्नाचा गुण जातो. एसएससीचा उमेदवार जीआरईची जाडजूड यादी घेऊन बसला, तर त्याचे श्रम वाया जाण्याची शक्यताच अधिक. त्याने आधी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून त्यांतले अडलेले शब्द वेचावेत, कारण या परीक्षेत जुने शब्द पुन्हा पुन्हा डोकावतात. आयईएलटीएससारख्या इंग्रजी प्रावीण्य तपासणाऱ्या परीक्षेसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये तयार केलेली 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुळ) शैक्षणिक शब्दसूची अधिक उपयोगी पडते.

नवे शब्द वाचनातून मिळवावेत, आणि वाचन परिचित विषयापासून सुरू करावे, हा माझा आग्रह आहे. सर्वसाधारण सल्ला असा असतो की इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख रोज वाचा. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी अमेरिकी व्याजदरावरचा अग्रलेख उघडतो, तेव्हा भाषा आणि विषय दोन्ही अनोळखी असल्याने आठवड्याभरात त्याचा उत्साह मावळतो. त्याऐवजी रावेर-यावल पट्ट्यातील केळीची किंवा कापसावरील गुलाबी बोंडअळीची बातमी आधी मराठीत वाचावी आणि मग त्याच विषयावरची इंग्रजी बातमी घ्यावी. आशय आधीच माहीत असल्यामुळे शब्दाचा अर्थ संदर्भातून उलगडतो. बाजारात माल तुंबून केळीचे भाव कोसळले, की त्या बातमीत ‘ग्लट’ आणि ‘प्लमेट’ येतात. माल टिकत नाही म्हणून ‘पेरिशेबल’ येतो. शेतकऱ्याला परवडेल असा भाव मिळावा या मागणीत ‘रिम्युनरेटिव्ह’ येतो. किडीच्या प्रादुर्भावासाठी ‘इन्फेस्टेशन’ येतो. भुसावळचा मे महिना अनुभवलेल्या माणसाला ‘स्वेल्टरिंग’ या शब्दाचा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही. एका लेखातून पाच-सहाच शब्द निवडावेत; बाकीचे तूर्त सोडून द्यावेत. जो शब्द तीन वेगवेगळ्या लेखांत भेटला, तो शिकण्याजोगा आहे, असे समजावे.

निवडलेला शब्द वहीऐवजी कार्डावर उतरवावा. त्यासाठी घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घेतल्या तरी भागते. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नये. जिथे तो भेटला ते वाक्य लिहून त्या शब्दाची जागा रिकामी ठेवावी. मागच्या बाजूला शब्द, त्याचे रोमन स्पेलिंग, उच्चार, मराठी अर्थ आणि त्याच्या सोबतीला येणारे दोन-तीन शब्द नोंदवावेत. उदाहरणार्थ, ‘मिटिगेट’ म्हणजे तीव्रता कमी करणे. हा शब्द धोका, नुकसान, दुष्परिणाम यांच्यासोबत शोभतो. वेदना, दारिद्र्य, हालअपेष्टा यांच्यासोबत ‘अलीव्हिएट’ अधिक स्वाभाविक वाटतो. ‘मिटिगेट’च्या कार्डावर आणखी एक इशारा लिहून ठेवावा: ‘मिलिटेट’ हा दिसायला जवळचा शब्द ‘अगेन्स्ट’ घेऊन येतो आणि त्याचा अर्थ ‘विरोधात जाणे, बाधक ठरणे’ असा होतो. परीक्षक ही जोडी हटकून शेजारी ठेवतात. शब्दयोगी अव्ययेही अशीच कार्डावर हवीत: ‘कम्प्लाय’बरोबर ‘विथ’, ‘अबाइड’बरोबर ‘बाय’, ‘अव्हर्स’बरोबर ‘टू’, ‘डिव्हॉइड’बरोबर ‘ऑफ’. वाक्यातील चूक ओळखण्याच्या प्रश्नांत यावरच बोट ठेवलेले असते.

उजळणीचे वेळापत्रक मनाच्या लहरीवर सोडू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून 1885 मध्ये दाखवले की नुकतेच पाठ केलेले सुरुवातीच्या काळात सर्वांत वेगाने विसरले जाते आणि नंतर हा वेग मंदावतो. म्हणून सुरुवातीच्या उजळण्या जवळजवळ आणि पुढच्या लांबलांब असाव्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेली पेटीची पद्धत याच तत्त्वावर चालते. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करावेत. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने तपासावा. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते. चुकले की ते कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते. कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर स्वतःच्या तोंडाने उच्चारणे आवश्यक आहे, कारण नुसते पाहून ‘हो, हे येते’ असे वाटणे आणि शब्द प्रत्यक्ष आठवणे यांत फार अंतर असते. मोबाइलवर हेच काम ‘अँकी’ हे ॲप करते. जळगाव-भुसावळ असा रोज रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना ते सोयीचे पडेल. रोज दहापेक्षा अधिक नवी कार्डे घेतली, तर तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग आवरत नाही.

धातूंच्या, म्हणजे शब्दांच्या मुळांच्या, आधारे शब्द शिकण्यात मराठी वाचकाला एक मोठा लाभ आहे, आणि तो शिकवणी वर्गांत फारसा सांगितला जात नाही. इंग्रजीतील वरच्या पातळीचे असंख्य शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आले आहेत, आणि या भाषा संस्कृतच्याच कुळातल्या आहेत. संस्कृतातील ‘युज्’ म्हणजे जोडणे. त्याचे लॅटिन भावंड भुसावळच्या स्थानकाच्या पाटीवर ‘जंक्शन’ म्हणून रोज दिसते. त्याच घरातून व्याकरणातले ‘कंजंक्शन’, निर्णायक क्षण या अर्थाचे ‘जंक्चर’ आणि वैवाहिक या अर्थाचे ‘कॉन्ज्युगल’ आले. बैलाच्या मानेवरचे जू हेही याच नात्यातले. रोमन लोक पराभूत सैनिकांना जुवाखालून चालवत, आणि ‘सब्जुगेट’ म्हणजे शब्दशः जुवाखाली आणणे, अंकित करणे. पाय या अर्थाचा ‘पद’ घेतला तर पायी चालणारा तो ‘पेडेस्ट्रियन’. पाय अडकवणे म्हणजे ‘इम्पीड’ आणि अडकलेले पाय मोकळे करून कामाला वेग देणे म्हणजे ‘एक्सपेडाइट’. विरुद्ध अर्थाची ही जोडी एकदा अशी समजली की विसरणे कठीण. मृत्यूच्या घरात ‘मॉर्टल’ आणि मरणपंथाला लागलेला तो ‘मॉरिबंड’ आहेत. सातबाऱ्यावर बोजा चढवणारे ‘मॉर्गेज’देखील मुळात ‘मृत तारण’च.

मात्र धातूचा आधार ही अटकळ असते, पुरावा नसतो. ‘पीडिॲट्रिशन’ म्हणजे बालरोगतज्ज्ञ. त्याचा पायाशी संबंध नाही, कारण तो मूल या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. ‘मॉर्सल’ म्हणजे घास, त्यात मरण नाही. ‘एनर्व्हेट’ कानाला जोम देणारा वाटतो आणि त्याचा अर्थ गळाठा आणणे असा आहे, ‘नॉइसम’चा गोंगाटाशी काही संबंध नसून तो दुर्गंधीसाठी वापरतात, ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती. अशा फसव्या शब्दांचा खोक्यात वेगळा गठ्ठा ठेवावा.

जवळच्या अर्थाचे शब्द एका ओळीत मांडून त्यांचा सूर तपासणे, हा सर्वांत कमी केला जाणारा आणि सर्वाधिक फळ देणारा सराव आहे. ‘फ्रुगल’ आणि ‘थ्रिफ्टी’ काटकसरी माणसाचे कौतुक करतात. ‘पार्सिमोनियस’ आणि ‘मायझरली’ त्याला कंजूष ठरवतात. उताऱ्यात लेखक त्या माणसाच्या बाजूने बोलत असेल, तर शेवटचे दोन पर्याय वाचताक्षणी बाद होतात. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि कचेरीत तिसरीच भाषा बोलणाऱ्या खान्देशी विद्यार्थ्याला प्रसंग पाहून शब्द बदलण्याची सवय लहानपणापासून असते. हीच जाण इंग्रजीत औपचारिक व अनौपचारिक शब्द वेगळे करण्यासाठी वापरावी. त्यासाठी इंग्रजी-इंग्रजी शिकाऊ शब्दकोश जवळ असणे अपरिहार्य आहे, कारण इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो पण सूर बहुधा सांगत नाही. आठवड्यातून एकदा त्या आठवड्यातील आठ-दहा शब्द वापरून गावातल्याच एखाद्या घडामोडीवर, मग ते गिरणा धरणातून शेतीसाठी सुटणारे पाण्याचे आवर्तन असो वा कापसाची खरेदी, एक परिच्छेद लिहावा आणि जाणत्याकडून तपासून घ्यावा.

परीक्षेला महिना उरला की नवी कार्डे थांबवावीत. पेटीतली जुनी आणि सराव प्रश्नपत्रिकांत चुकलेली एवढीच घ्यावीत. परीक्षागृहात पर्याय वाचण्याआधी गाळलेल्या जागेत बसेल असा साधा शब्द, प्रसंगी मराठीतला, मनात ठरवावा आणि मग त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय शोधावा. अनोळखी शब्दाबाबत जोखीम किती घ्यायची, हे गुणकपातीवर ठरते: सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात चुकीच्या उत्तराला 0.50 गुण कापले जातात, म्हणून किमान दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तरच उत्तर द्यावे. जीआरईत कपात नसल्याने एकही प्रश्न रिकामा सोडू नये.